आधी तेल, मग हळद

कोणतीही वस्तू हातात दिली की उस्ताद ती आधी डाव्या तळहातावर ठेवत. मग डोळे मिटत. भाजीवाली मेथीची जुडी जोखते तसा तळहात जरासा खाली-वर होई. मग डोळे उघडून एकच शब्द. "हाय." किंवा "न्हाय."

हाय म्हणजे वजन हाय. न्हाय म्हणजे वस्तू मनातून उतरली, मग तिला चांदीचा मुलामा का दिलेला असेना. बंदुका तर ते अशा जोखतच; पण चहाचा कप, नवं कुलूप, माझं फाउंटन पेन (न्हाय) यांचीही तीच परीक्षा. माझी थोरली मुलगी सव्वा महिन्याची असताना उस्ताद तिला बघायला घरी आले. तिला त्यांनी दोन्ही तळहातांवर घेतलं आणि डोळे मिटले. माझी आई दाराआडून मला खुणावू लागली, "काय करतोय रे हा बाबा पोरीला?" तेवढ्यात उस्तादांनी डोळे उघडले. "हाय, भाऊसाहेब. चांगली हाय." आईनं लगेच त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा चहा टाकला.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. जगाला तो एकाच मापानं मोजतो आणि गंमत म्हणजे त्याचं माप सहसा चुकत नाही.

उस्ताद बंदुका दुरुस्त करत. कोल्हापुरात बिंदू चौकाच्या अलीकडच्या एका गल्लीत त्यांचं जेमतेम आठ बाय दहाचं दुकान होतं. त्यांचे वडील संस्थानच्या शिकारखान्यात हत्यारांची निगा राखायला होते. पुढं संस्थान गेलं, मग शिकारीवर बंदी आली, बंदुका लोकांच्या माळ्यावर जाऊन पडल्या. निगा तेवढी या माणसाच्या वाट्याला उरली.

आणि मी कचेरीत शस्त्र परवान्याच्या टेबलावरचा कारकून. सगळ्या जिल्ह्याच्या बंदुका माझ्या कपाटात होत्या, पण कागदावर. खरी बंदूक समोर आली की मला घाम फुटे. आमची ही पाहुण्यांना सांगायची, "घरात पाल निघाली तर हे खुर्चीवर चढतात, आणि कचेरीत बंदुकांचे साहेब!" साहेब नव्हतोच मी, पण पालीचं खरं होतं.

वर्षातून एकदा उस्तादांच्या दुकानाची तपासणी करायची असे. दुकानात ठेवायला दिलेल्या हत्यारांवरचे नंबर आमच्या यादीशी जुळवायचे. पहिल्याच वर्षी उस्तादांनी एक रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं, तर मी ते दोन बोटांच्या चिमटीत धरून लांब केलं.

"भाऊसाहेब, उंदीर न्हाय त्यो. चावत न्हाय. सगळा हात लावा."

मी सगळा हात लावला. गार आणि अनपेक्षित जड. मनगट खाली गेलं.

"कळलं?" उस्ताद म्हणाले.

मला काही कळलं नव्हतं. मी "हो" म्हणालो. सरकारी माणसाला तेवढी सवय असते.

उस्तादांचा सुगीचा काळ दसऱ्यानंतर. खंडेनवमीला आमच्याकडं घरोघर हत्यारं पुजतात. ज्याच्याकडं बंदूक, त्याच्याकडं बंदूक पाटावर. ती पाण्यानं धुवायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची आणि सीमोल्लंघन होईपर्यंत तशीच भक्तिभावानं ओली ठेवायची. लोखंडाचं काय होणार? आठ दिवसांनी उस्तादांच्या दारात रांग लागे. कुणाच्या नळीवर हळदीच्या बोटांखाली तांबूस डाग, कुणाचा चाप हलत नाही, कुणाच्या घोड्यात झेंडूची पाकळी अडकून वाळलेली.

कागलकडचे एक शेतकरी दर वर्षी येत. डुकरं हाकलायची त्यांची बारा बोअरची बंदूक होती. त्यांचं आणि उस्तादांचं बोलणं मी इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे.

"काय लावलंसा ह्येला, पावणं?"

"हळदकुंकू. लक्ष्मी हाय की ती."

"आन पाणी?"

"धुतल्याबिगर पूजा व्हती व्हय?"

"देवाला धुवा की. देव दगडाचा हाय. ही लोखंडाची हाय. पूजा करू नगा म्हंतोय का मी? आधी तेल, मग हळद. किती सालं सांगायलोय?"

"गेल्या सालीबी सांगिटलतंसा."

"मग?"

"इसरलो."

उस्ताद बंदूक तळहातावर घेत, डोळे मिटत, "हाय" म्हणत आणि कामाला लागत. त्या 'हाय'मध्ये बराच थकवा असे. सगळं आयुष्य एकच वाक्य सांगण्यात गेलं आणि ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, असा थकवा. माझी आई आम्हाला 'पंखा बंद करा' म्हणायची तेव्हा तिच्याही आवाजात तो असायचा.

नव्या हत्यारांवर उस्तादांचा राग होता. राग म्हणजे आरडाओरडा नाही. नुसतं "न्हाय." कबनूरचे एक तरुण यंत्रमागवाले एकदा नवंकोरं पिस्तूल घेऊन आले. अंग हलक्या धातूचं, मुठीला काळं प्लास्टिक. त्यांनी ते मोठ्या कौतुकानं उस्तादांच्या हातात ठेवलं.

"न्हाय," उस्ताद म्हणाले.

"काय न्हाय?"

"वजन न्हाय."

"अवो, त्येच तर! खिशात घाटलं तरी कळत न्हाय!"

"मीबी त्येच म्हंतोय. कळाय पायजे." उस्तादांनी भिंतीवरचं एक जुनं पोलादी रिव्हॉल्व्हर काढून त्यांच्या हातात दिलं. "उचला. जड हाय का न्हाय? आता ह्ये उचलून कुणावर धराय दोन पळं लागत्यात. निम्मा राग त्या दोन पळांत उतरतोय. तुमच्या ह्येला कायबी लागत न्हाय. रागाच्या आधी हात वर."

मागवाले हसले. "उस्ताद, तुम्ही जुनी माणसं."

"व्हय. लोखंडाची."

दोन-चार वर्षांनी तेच मागवाले एक विलायती मासिक घेऊन आले. तोवर वय आणि माग दोन्ही वाढले होते. मासिकात एका नव्या पिस्तुलाचा फोटो होता. त्याचा सांगाडाच प्लास्टिकचा म्हणे. नळी आणि वरचा भाग तेवढा पोलादी. उस्तादांनी चष्मा लावून फोटो पाहिला. मग मासिक मिटून तळहातावर घेतलं.

"मासिकाला वजन हाय," ते म्हणाले. "बादली प्लास्टिकची झाली, काय बोललो न्हाय. चप्पल झाली, काय बोललो न्हाय. बादलीनं कोण मरत न्हाय. पर ह्ये बिघडलं तर मी काय करू? कानस मारू प्लास्टिकला? मोडलं की टाकायचं. जे दुरुस्त करता येत न्हाय त्ये हातात कशाला धरायचं, सांगा की."

मागवाल्यांनी मासिक काखेत मारलं आणि चहा मागवला.

भिंतीवरून काढलेलं ते जुनं रिव्हॉल्व्हर आक्कासाहेबांचं. आता त्याची गोष्ट सांगायला हवी आणि तिच्यात मी येतो, म्हणून इतका वेळ टाळत होतो.

त्या पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावच्या, जुन्या घराण्यातल्या. यजमान वारले, त्यांच्या नावचा परवाना संपला, म्हणून रिव्हॉल्व्हर उस्तादांच्या दुकानात ठेवायला दिलेलं. मुलगा लांब परदेशात. त्याला ते नको होतं. पोलादी, सहा गोळ्यांचं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, आणि त्या मुठीवर यजमानांच्या अंगठ्यानं पडलेला गुळगुळीत खळगा. नियम असा की वारसानं मुदतीत परवाना काढला नाही तर हत्यार सरकारजमा करायचं आणि पुढं तोडायला पाठवायचं.

पण आक्कासाहेबांच्या घरात खंडेनवमीला ते रिव्हॉल्व्हर पुजायची चाल होती. परवान्याशिवाय ते दुकानाबाहेर नेता येत नव्हतं. म्हणून दर खंडेनवमीला आक्कासाहेब सकाळच्या एसटीनं कोल्हापुरात यायच्या, पदराखाली ताम्हन धरून. उस्ताद दुकान धुऊन ठेवत. रिव्हॉल्व्हरला तेलाचा हात, वर मेणकागद, आणि मग ते बाकावर मांडत.

"आधी तेल लावलंय न्हवं, उस्ताद?" आक्कासाहेब हसत विचारायच्या.

"तुमी एकट्याच इचारता, आक्कासाहेब. बाकी जिल्हा इसरतोय."

मग मेणकागदावर हळद, कुंकू, झेंडूचं फूल. आक्कासाहेब हात जोडून थोडा वेळ त्या मुठीकडं पाहत उभ्या राहायच्या. उस्ताद डोक्यावरची टोपी नीट करून बाजूला उभे राहत. तपासणी त्याच दिवसांत येई, त्यामुळं मीही हजर असे. प्रसादाचे दोन पेढे खाऊन मी नंबर जुळवायचो. मला वाटायचं, उस्ताद माझा एवढा मान ठेवतात, चहा पाजतात, म्हणजे माझ्यात काहीतरी आहे.

माझ्यात काय होतं, तर आळस होता. त्या रिव्हॉल्व्हरची फाइल माझ्या टेबलावर होती. 'वारसाने परवाना घेतला नाही, पुढील आदेशासाठी सादर' एवढं लिहून ती वर पाठवायची. ती मी नऊ वर्षं पाठवली नव्हती. मुद्दाम नाही. माझ्या टेबलावर फायली निजायलाच येत. पण त्या एका फाइलीच्या झोपेवर एका म्हाताऱ्या बाईची खंडेनवमी उभी होती आणि हे उस्तादांना माहीत होतं, मला नव्हतं. नऊ वर्षांत त्यांनी एकदाही त्या फाइलीचं नाव काढलं नाही. झोपलेल्याला कोण हाका मारतो?

मग नवे साहेब आले. तरुण, चलाख, दर सोमवारी फायलींच्या ढिगांची उंची बघणारे. त्यांनी माझ्या टेबलाकडं पाहिलं आणि नुसते "अरे बापरे" म्हणाले. का कुणास ठाऊक, ते मला लागलं. त्या आठवड्यात मी रोज भरलेलाच डबा घरी परत नेला, असा जेवायचं विसरून काम करत सुटलो. एकशे काही फायली वर गेल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास! असं काम पाहिजे!" सगळ्या नोकरीत मी एकदाच वेळेवर काम केलं, ते हे.

महिन्याभरानं आदेश टायपिंगला आले. पाकिटावर दुकानाचा पत्ता लिहिताना माझा हात थांबला. आत नंबर पाहिला. नऊ वर्षं जुळवत आलेला नंबर.

मी साहेबांकडं गेलो. "साहेब, ह्यातलं एक थांबवता येईल का?"

"कारण?"

कागदावर लिहिण्याजोगं कारण माझ्याकडं नव्हतं. "पूजेला लागतं, साहेब," मी म्हणालो. साहेब मनापासून हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला. मीही थोडा हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आदेश घेऊन मी स्वतःच दुकानात गेलो. उस्तादांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. मग तो कागद डाव्या तळहातावर ठेवला आणि डोळे मिटले. गल्लीतून एक हातगाडी खडखडत गेली.

"हाय," ते म्हणाले.

"उस्ताद, ती फाइल मीच..."

"ठावं हाय मला. नऊ सालं निजल्याली फाइल आपल्या आपण कशी उठंल?" त्यांनी कागदाची घडी घातली. "किती दिवस हायेत?"

"आठ."

"लई झालं. बसा. चा सांगतो."

मी म्हणालो, चहा नको. ते म्हणाले, "चा न्हाय घेटला म्हणून आदेश फिरतोय व्हय? घ्या."

त्या आठ दिवसांत उस्तादांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. मी रोज कचेरी सुटली की जायचो. का जायचो ते विचारू नका. रिव्हॉल्व्हर संपूर्ण उघडलेलं असायचं, एकेक स्क्रू फ्लॅनेलच्या तुकड्यावर ओळीनं. गोळ्यांची चक्री रॉकेलनं धुतली, कोपरे काडीला चिंधी गुंडाळून साफ केले, जिथं पोलादाचा निळसर काळा रंग उडाला होता तिथं तो पुन्हा चढवला. फक्त मुठीवरच्या अंगठ्याच्या खळग्याला त्यांनी पॉलिश लावलं नाही.

चौथ्या दिवशी मी न राहवून म्हणालो, "उस्ताद, तोडायलाच जाणार आहे हो ते."

त्यांनी मान वर केली नाही. "मयताला आंघोळ घालत्यात का न्हाय तुमच्यात? आमच्यात घालत्यात."

नवव्या दिवशी साहेब पंचनाम्याला स्वतः आले. पंच म्हणून शेजारचा पानपट्टीवाला आणि समोरचा शिंपी. मी छापील फॉर्मवर मजकूर भरत होतो. अशा हत्यारांच्या वर्णनात आम्ही एकच ओळ लिहीत आलो होतो. ती हातातून आपोआप उतरते.

"सही करा," साहेब म्हणाले.

"भाऊसाहेब, जरा वाचून दावा," उस्ताद म्हणाले.

मी वाचलं. 'एक रिव्हॉल्व्हर, जुने, गंजलेले, निरुपयोगी.'

"जुनं बरोबर हाय," उस्ताद म्हणाले. "गंज कुठं हाय, दावा."

साहेबांनी घड्याळात पाहिलं. "अहो, काय फरक पडतो? वितळायलाच जाणार आहे ते."

"साहेबांस्नी न्हाय पडत. मला पडतोय." आवाज चढला नव्हता. थकलेलाच होता. "तोडा, वितळवा, सरकारचं हाय. पर माझ्या दुकानातनं गंजकं हत्यार आजपातूर गेलं न्हाय. तेवढं लिवू नगा. दावा गंज, लगीच सही करतो."

साहेबांनी वैतागून रिव्हॉल्व्हर उचललं. मनगट खाली गेलं, माझं गेलं होतं तसंच. त्यांनी चक्री फिरवली. ती अशी फिरली की पानपट्टीवाला "वा" म्हणाला. साहेबांनी पुन्हा एकदा फिरवली. नळी उजेडाकडं धरून आत पाहिलं. मग ते हळूच खाली ठेवलं.

"खोडा ते," मला म्हणाले.

मी 'गंजलेले' खोडलं. मग 'निरुपयोगी'ही खोडलं, ते कुणी सांगितलं नव्हतं. वर लिहिलं, 'सुस्थितीत'. बाजूला माझी सही केली. तीन ओळींच्या कागदावर दोन खोडाखोडी, म्हणजे आमच्याकडं खुलासा द्यायचं काम. साहेबांनी कधी मागितला नाही.

उस्तादांनी सही केली. रिव्हॉल्व्हर फ्लॅनेलमध्ये गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं. मी सगळा हात लावला.

त्यानंतर दीड महिन्यानं खंडेनवमी. उस्तादांनी आक्कासाहेबांना आधीच कार्ड टाकलं होतं. तरीही सकाळच्या एसटीनं आक्कासाहेब आल्या, पदराखाली ताम्हन.

"कार्ड मिळालं न्हाय व्हय, आक्कासाहेब?" उस्ताद गडबडून उभे राहिले.

"मिळालं की. वाचलंबी." त्या दारातल्या स्टुलावर टेकल्या. धाप लागली होती. "सकाळी उठले आन पाय आपले स्टँडकडं. आता आले हाय, तर तसंच परत जाऊ?"

भिंतीवर खिळा रिकामा होता. त्यांनी तो पाहिला, मग बाकाकडं पाहिलं. बाकावर उस्तादांची हत्यारं होती. लोखंड घासायच्या कानशी, पेचकस, हातोडी.

"ही हायेत की," त्या म्हणाल्या.

त्यांनी पळीनं पाणी शिंपडलं. मोठ्या कानशीवर हळदीची बोटं ओढली, त्यावर कुंकू, त्यावर फूल. ओलं पाणी, ओली हळद, थेट पोलादावर. मी उस्तादांच्या तोंडाकडं पाहत राहिलो. आता म्हणतील, आता म्हणतील. आक्कासाहेबांनाच आठवलं. त्यांचा हात थांबला.

"अगं बाई. आधी तेल राहिलंच की, उस्ताद."

"ऱ्हाऊ द्या, आक्कासाहेब," उस्ताद म्हणाले. "आज असू द्या."

पुढं माझी बदली दुसऱ्या टेबलावर झाली. त्या टेबलावर सिनेमागृहांचे परवाने होते. तिथं मला घाम फुटत नसे. उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, दुकानात बंदुका कमी आणि जुन्या कुलपांची कामं जास्त येऊ लागली. एके दिवशी पानपट्टीवाला कचेरीत निरोप घेऊन आला. मी पोचलो तोवर दफन करून माणसं परतत होती. आंघोळीच्या वेळी तरी हजर असायला हवं होतं, एवढंच मनात येत राहिलं.

परवा त्या गल्लीतून गेलो. उस्तादांचा मुलगा आता तिथं प्लास्टिकच्या वस्तू विकतो. दारावर रंगीबेरंगी बादल्यांची माळ. त्यानं मला ओळखलं.

"या काका! बादली घ्या की. फर्स्ट क्लास माल हाय."

मी एक निळी बादली हातात घेतली. वजन न्हाय. ती विकत घेतली. घरात खरंच हवी होती.

निघताना त्यानं गल्ल्याखालून काहीतरी काढलं. "अब्बांची कानस. सगळी हत्यारं भंगारवाल्यानं नेली, ही तेवढी ठेवली. हिला कुणाला हात लावू देत न्हवते, आणि स्वतः पुसतबी न्हवते. मी एकदा तेल लावाय गेलो तर असं खेकसले! का, ते काय सांगिटलं न्हाय. तुमाला ठावं असंल?"

मी कानस तळहातावर घेतली. मधोमध दोन बोटांच्या रुंदीचा तांबूस डाग होता, खाली ओघळत गेलेला.

"नाही बाबा," मी म्हणालो. सरकारी माणसाला तेवढी सवय असते.

त्यानं ती कानस मलाच दिली. आता ती आमच्या देवघरात, समईशेजारी असते. आमची ही देवघर पुसताना दर वेळी म्हणते, मशीनचं तेल आहे घरात, एकदा तो गंज तरी काढा. मी हो म्हणतो आणि काढत नाही. उस्तादांच्या दुकानातनं गंजलेलं असं एकच हत्यार बाहेर गेलं. ते माझ्याकडं आहे.